साचा ज्याचा, तंगडी त्याची

विलो फोर्क, मोंटाना
३० सप्टेंबर, सोमवार

देवाला आणि दंतवैद्याला सारखीच न घाबरणाऱ्या माझ्या थोरल्या आयोनाताईस,

सगळ्यात आधी टपकला तो वेंडल. शनिवारी सकाळचे सात वाजलेले, माझे हात डोनटच्या पिठात, आणि हा माझा दीर दारात उभा, टोपी छातीशी धरून, कुणाच्या मयताला आल्यासारखा. मला वाटलं, गेलं कुणीतरी. (मनात दोन-तीन नावंही येऊन गेली. ती इथे लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत.) तर म्हणतो कसा, "वहिनी, मी साचा आणलाय." पण थांब, बघ माझं कसं होतं ते, जेवायला वाढायच्या आधीच मी आचवायला पाणी दिलं. आधी तुझी चौकशी करायला हवी. तुझा डावा गुडघा कसा आहे? का उजवा होता? जो असेल त्याला माझा नमस्कार सांग. आणि तुझं मांजर अजून शेजारणीच्या कुंड्या उकरतं का? तुमच्या स्पोकेनला पाऊस पडतो म्हणे, आमच्याकडे धूळ पडते. इथे बाकी सगळं छान आहे. हर्शेलची पाठ रुसलेली आहे, पण पाठीचं काय घेऊन बसलीस, ऑगस्टपासून अख्खा नवराच रुसलाय. आणि त्याला कारण मी. ताई गं, मला एल्कचा परवाना लागला!

तुला ठाऊकच आहे, वरच्या रानातल्या एल्कसाठी, त्या घोड्याएवढ्या हरणांसाठी, दर वर्षी सोडत निघते. हर्शेल एकोणीस वर्षं अर्ज करतोय. एकोणीस! एवढ्या वर्षांत त्याला सर्दीशिवाय काही लागलेलं नाही. यंदा त्यानं डोकं चालवलं. दोन अर्ज टाकले की नशीब दुप्पट, म्हणून एक माझ्या नावानं भरला आणि मी इस्त्री करत होते तेव्हा पुढे सरकवला, "इथे सही कर" म्हणाला. मी केली. मला वाटलं विहिरीच्या पंपाचा काही कागद असेल. (तू म्हणशील, वाचून सही करावी. अगं, मी तिसरीपर्यंत शिकलेली, वाचेपर्यंत शर्ट जळाला असता.) ऑगस्टमध्ये पाकीट आलं. हर्शेलनं फोडलं, वाचलं आणि खुर्चीवर उड्या मारायला लागला, "डेल्फा, आपल्याला लागला!" मी चष्मा लावून बघितलं तर त्यावर 'आपल्याला' कुठेच नव्हतं. डेल्फा असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हटलं, मला लागलाय. तो म्हणाला, "तेच ते." मी म्हटलं, तेच ते कसं? कायदा सांगतो ज्याच्या नावाचा परवाना त्याच्याच हातून जनावर पडलं पाहिजे. आता आमच्या खोऱ्यात हे कुणी पाळत नाही, नवरे बायकोच्या नावावर मारून आणतात आणि रानाचा साहेब विचारायला आला की बायका चुलीपुढे उभ्या राहून "हो हो, मीच मारला" म्हणतात, हाताला शिकारीचा वास नाही आणि कांद्याचा येतोय. पण मी म्हटलं, हर्शेल, मी जाणार. मी स्वतः. त्या दिवशी त्यानं कॉफीत साखर घातली नाही आणि ते त्याला कळलंही नाही.

मी एकाहत्तर वर्षांची आहे. बिळं करणारे गोफर आणि एक घाण वास सोडणारा स्कंक सोडला तर मी कशावर बार काढलेला नाही (त्या स्कंकचं नाव काढू नकोस, दोन पडदे जाळावे लागले होते). पण इच्छा म्हणशील तर बाबा आपल्याला ओढ्यापलीकडे डबे मारायला न्यायचे तेव्हापासूनची आहे. तुला कंटाळा यायचा आणि मला घरी यावंसं वाटायचं नाही, आठवतं? मग ते गेले, मी लग्न करून इकडे आले, आणि दर ऑक्टोबरात पुरुष रानात आणि मी बरण्या धुवायला. पन्नास वर्षं मी दुसऱ्यांनी मारलेलं मांस बरण्यांत भरलंय. एकदा माझं स्वतःचं भरायचंय. एवढंच आहे बघ. फार काही मागत नाही मी.

तर बंदूक. हर्शेलची ती दुर्बिणीवाली चालवून बघितली, खांद्यावर जांभळाएवढा डाग उठला आणि तो चार दिवसांत जांभळाचा कलिंगड झाला. मग मी माळ्यावरून बाबांची काढली, ती खालचा दांडा खाली-वर केला की नवं काडतूस वर येतं ती. खांद्याला अशी लागते जशी काही माझ्याच मापानं शिवलीय. पण गावातल्या दुकानात गेले तर दुकानदार हसला. म्हणाला, "आजी, या मापाची काडतुसं बनवायचं कंपनीनं सोडलं चार वर्षांपूर्वी. आता ही भिंतीवर लावा, वर घड्याळ लावा." मी म्हटलं, बाळा, भिंतीवर लावायच्या वयाची मी आहे, ती नाही. पण घरी येताना हिशेब केला. हंगाम ऑक्टोबरच्या वीस तारखेला उघडतो आणि माझ्याकडे बाबांची जुनी रिकामी पितळी टरफलं सोडून काहीच नाही. म्हणजे गोळ्या घरी ओतायला लागणार. टरफलं आहेत, त्यांत भरायची दारू आणि ठोका बसला की पेटणाऱ्या टोप्या शेजारच्या गार्थकडे आहेत, शिसं कुठेही मिळतं. नाही तो गोळी ओतायचा चिमट्यासारखा साचा. दुकानातून मागवला तर सहा आठवडे.

आता आमच्या खोऱ्याची एक रीत आहे, ती तुला माहीत नसेल, तू इथे नुसती पाहुणी म्हणून आलीस. पूर्वी चांगला साचा दहा घरांत एखाद्याकडे असायचा. त्यामुळे ठरून गेलं, साचा उसना दिला तर त्या गोळीनं जे पडेल त्याची मागची एक तंगडी साचेवाल्याची. साचा ज्याचा, तंगडी त्याची. लहान मुलंसुद्धा म्हणतात इथे. आणि एल्कची मागची तंगडी म्हणजे काय, ती दोघांनी उचलावी लागते. बरं, तंगडी परवडली. पण तंगडी देऊन तोंड बंद होत नाही. ज्याचा साचा तो पुढली दहा वर्षं चर्चच्या पायरीवर सांगत फिरतो की माझ्या गोळीनं पडला, चालवणाऱ्यानं काय, नुसतं बोट हलवलं. हे तू लक्षात ठेव, कारण मी त्या शनिवारी सकाळी लक्षात ठेवलं नव्हतं. मला वाटलं, किती चांगली माणसं, मी कुणाला विचारलं नाही तरी आपणहून साचे घेऊन आली.

वेंडल पहिला आला ते सांगितलंच. त्याला खुर्ची दिली, त्यानं डोनट घेतले (पाच) आणि फडक्यातून साचा काढला. दिसायला सुरेख हं. आतली गोळी लांब, टोकदार, चर्चच्या मनोऱ्यासारखी. म्हणाला, "वहिनी, ही हवेतून सुईसारखी जाते." मी पिठाचे हात पुसले आणि म्हटलं, भाऊजी, ही रायफल बघा, हिची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात, पुढच्याच्या ढुंगणाला मागच्याचं नाक. आणि टोपी असते ढुंगणावरच. टोकदार नाकाची गोळी तिथे टेकवून मी घोड्यावर बसले आणि घोडं उधळलं तर काय होईल? वेंडल चावता चावता थांबला. चाळीस वर्षं माणूस शिकार करतोय! या रायफलीला चपट्या नाकाची गोळी लागते हे बाबांनी आपल्याला एबीसीच्या आधी शिकवलं होतं. शेवटी म्हणतो, "मग एकेकच भरा ना." म्हटलं, हो, आणि एल्कला सांगते, बाबा, थांब जरा, वेंडलभाऊजींची दुसरी भरते.

तेवढ्यात गार्थ मॅकइल्वेन आला, तो पलीकडच्या कुरणाचा, ज्याचं हसू तुला कधी दिसलं नाही कारण ते नाहीच. गार्थ बोलतो कमी आणि त्याला वाटतं त्यामुळे तो शहाणा दिसतो. त्यानं टेबलावर साचा ठेवला, चपट्या नाकाचा, जाडजूड, आणि म्हणाला, "हाच." बस. वेंडल म्हणाला, "हाच काय? लोणच्याची बरणी आहे का ती? एवढी जड गोळी एल्कपर्यंत पोचेल तेव्हा तो म्हातारा होऊन मेलेला असेल." गार्थ म्हणाला, "तुझी पोचते. डेल्फाबाईंच्याच मांडीत." मग दोघंही डोनट खायला लागले, एकमेकांकडे बघत, जसे दोन बोके एका थाळीत.

तिसरे आले पाद्रीबाबा स्टॅनार्ड. मला वाटलं चर्चच्या कामासाठी आलेत, म्हणून मी केस सारखे केले. तर त्यांच्या कोटाच्या खिशातून पण साचा! ताई, देवाशप्पथ, मी खुर्चीचा आधार घेतला. त्यांचा साचा पोकळ नाकाचा, म्हणजे गोळीच्या टोकाला खळगा, बाळाच्या हनुवटीसारखा. म्हणाले, "डेल्फा, या गोळीनं जनावराला वेदना होत नाहीत. मी दयेच्या दृष्टीनं सांगतोय." वेंडल पुटपुटला, "तंगडीच्या दृष्टीनं." पाद्रीबाबांना ऐकू आलं, ते म्हणाले, "वेंडल, तू गेल्या रविवारी चर्चमध्ये नव्हतास." वेंडल म्हणाला, "हंगामाच्या पहिल्या रविवारी तुम्ही तरी कुठे असता पाद्रीबाबा, तिथे नुसता देव असतो एकटा." मी मध्ये पडले आणि सगळ्यांना कॉफी ओतली. पण तंगडी हा शब्द माझ्या कानात गेला तो गेलाच. मी मोजलं. वेंडलनं मागची उजवी धरून ठेवलीय, गार्थनंही, पाद्रीबाबांनी डावी. त्यात हर्शेल कोपऱ्यातून म्हणाला, "साचा कुणाचाही घ्या, चाप मी ओढतो, डेल्फा शेजारी उभी राहील, परवाना तिच्या खिशात, म्हणजे झालं." सगळ्यांनी माना हलवल्या. तिघांच्या तंगड्या, नवऱ्याचा चाप, मला काय उरलं? शेपूट. आणि एल्कला शेपूट असतं ते केवढं, तू बघितलंयस!

मी काही बोलले नाही. (आता तू हसशील. पण खरंच नाही बोलले. डोनट तळत होते, तेलापुढे भांडू नये.) म्हटलं, आधी ओतून तर बघू, तिन्ही साचे. ओतायला अंगणात गेले. तेवढ्यापुरती बुद्धी होती त्यांना, शिशाची वाफ घरात नको. पण भांडं? हर्शेलनं माझी बिडाची कढई उचलली. माझी! जिच्यात मी सदतीस वर्षं मक्याची पोळी भाजली. मी खिडकीतून ओरडेपर्यंत शिसं आत पडलेलंसुद्धा होतं. एकदा शिसं वितळलेलं भांडं परत चुलीवर चढत नाही, तेव्हा ती कढई गेलीच समज. मी तिच्यासाठी मनातल्या मनात दोन मिनिटं उभी राहिले. वेंडलनं टायरवाल्याकडची वजनं आणलेली, गार्थनं छपराचा पत्रा, आणि पाद्रीबाबांनी काय आणलं असेल सांग? चर्चच्या मोडक्या ऑर्गनची नळी! म्हणाले, शिसंच असतं त्यात. वेंडल म्हणाला, "म्हणजे एल्क पडेल आणि वर स्तोत्रही वाजेल."

साचा तापवायचा असतो, थंड साच्यात ओतलं तर गोळीला सुरकुत्या पडतात. ते त्यांना कुणाला आठवेना. पहिल्या वीस गोळ्या माझ्या मानेसारख्या निघाल्या. मग साच्याचं वरचं झाकण ठोकून बाजूला करायला लाकूड हवं, तर माझा बटाटे कुस्करायचा दांडा नेला. इतक्यात वेंडल कढईवर वाकून आत बघायला लागला. त्याच्या कपाळावर घाम. मी खिडकीतून म्हटलं, भाऊजी, मागे सरा. म्हणाला, "वहिनी, मी हे तुम्ही जन्मायच्या आधीपासून करतोय." (तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे.) आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब, एकच, टपकन आत. तापलेल्या शिशात पाणी पडलं की काय होतं तुला माहीत आहे. फट्ट! शिसं कारंज्यासारखं उडालं. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा, नुसती वेंडलच्या टोपीच्या कडेला तीन भोकं पडली. पण पळताना सगळ्यांत पुढे कोण होतं सांगू? पाद्रीबाबा. ज्यांना वर जायची सगळ्यांत कमी भीती असायला हवी ते कुंपणापलीकडे.

दुपारपर्यंत प्रत्येकाच्या पाच-पाच धड गोळ्या निघाल्या. गार्थनं त्याच्या कोठारातल्या यंत्रावर त्या टरफलांत बसवून आणल्या आणि आम्ही ओढ्याकाठी गेलो. खोक्यावर कागद लावला. मी म्हटलं, मी चालवते. हर्शेल म्हणाला, "आधी बंदूक तर कळू दे." म्हणून तो आडवा झाला (त्यासाठी दोघांनी धरावं लागलं, पाठ) आणि वेंडलच्या एकेक भरून चालवल्या. कागदाजवळ गेलो तर काय, गोल भोकं नाहीतच. लांबट, आडवी, किल्लीच्या भोकासारखी. गोळ्या नाकानं जातच नव्हत्या, कुशीवर झोपून जात होत्या! पाद्रीबाबांच्या पण तशाच. वेंडल म्हणाला वारा. पाद्रीबाबा म्हणाले दारू. हर्शेल म्हणाला बंदूकच म्हातारी झालीय, आणि माझ्याकडे बघितलं, जसं काही दोघींबद्दल बोलत होता. गार्थच्या वेळेला बार काढता काढता वेंडल शिंकला, हर्शेल दचकला, आणि पाचही गोळ्या कुठे गेल्या ते ओढ्यालाच माहीत. कागदाला एकही नाही. तेव्हा त्या सरळ जातात का कुशीवर, हे कुणाला कळलं नाही.

पण मला एक कळलं होतं, कागद बघताक्षणीच. बाबांनी ती नळी पन्नास वर्षं घासूनपुसून आतून रुंद करून ठेवलीय. नळी ढिली आणि गोळी बारीक, तर गोळी आतले तिला गिरकी देणारे आटे पकडत नाही, मग बाहेर पडल्यावर झोकांड्या खाणारच. दारुड्याला रुंद गल्लीत सोडल्यासारखं. मी म्हटलं, गोळी जाड हवी. तर हर्शेल म्हणाला, "डेल्फा, डोनट आहेत का अजून?"

ताई, तिथे माझं डोकं फिरलं. मी घरी आले, ओवाळून टाकलेल्या चिंधीसारखी बाजूला बसले नाही हं, मऊ शिशाचा एक गोळा घेतला, तेल लावलं, आणि कुदळीच्या दांड्याची बारीक काठी करून तो बाबांच्या नळीतून या तोंडातून घालून त्या तोंडातून ठोकत बाहेर काढला. अंगावर आट्यांच्या रेघा घेऊन निघाला, नळीच्या आतलं अचूक माप. मग हर्शेलचा वॉशरांचा डबा उपडा केला. एक वॉशर असा सापडला की त्यात तो तुकडा गच्च बसला. चौघं स्वयंपाकघरात आले तशी मी टेबलावर सगळं मांडून ठेवलं. म्हटलं, बसा. खाण्याआधी एक काम आहे. हा बघा नळीतला तुकडा, वॉशरमध्ये अडकला, हलत नाही, हर्शेल, ओढून बघ. त्यानं ओढलं, नाही निघाला. म्हटलं, आता तुमच्या गोळ्या घाला. वेंडलची घातली, टप्, सरळ खाली बशीत. पाद्रीबाबांची, टप्. गार्थची, टप्. काय आवाज होता तो, ताई! चर्चमधल्या ऑर्गनला आलं नसतं असं संगीत. तिघंही बशीकडे बघत बसले. गार्थनं स्वतःची परत उचलून घातली. टप्. मी म्हटलं, तुमच्या तिघांच्याही गोळ्या माझ्या बंदुकीत हवा खात जातात. तेव्हा साचे घेऊन जा, तंगड्यांचा विचार सोडा, आणि डोनट घ्या.

वेंडल म्हणाला, "वहिनी, मग तुम्ही शिकार करणार कशानं? बटाटे कुस्करायच्या दांड्यानं?" पाद्रीबाबा म्हणाले, "हट्ट हे पाप आहे, डेल्फा." मी म्हटलं, पाद्रीबाबा, लोभ पण. हर्शेल म्हणाला, "वेड्यासारखं करू नकोस, जाड साचा आणणार कुठून, सहा आठवडे लागतात, तोपर्यंत हंगाम संपतो. माझी रायफल आहे, मी आहे, तू फक्त बरोबर चल." आणि मग बघ काय झालं, मी म्हटलं, हर्शेल, तुला लागला असता ना परवाना, तर मी तुझ्याबरोबर आले असते, घोडी धरली असती, कॉफी केली असती, आणि चाप तू ओढला असतास. आता मला लागलाय. तू घोडी धर.  मग सगळ्यांत आधी गार्थ बोलला, गार्थ! म्हणाला, "बरोबर आहे बाईंचं." आणि दोन डोनट खिशात घालून उठला. हर्शेल काल रविवारी दुपारी कोठारात गेला आणि माझ्या घोडीचं खोगीर काढून त्याला तेल लावत बसला. बोलला नाही, पण खोगीर माझं होतं. मला एवढा आनंद झाला की मी ओट्याशी उभ्या उभ्या तीन डोनट खाल्ले.

तर अशी सगळी मजा आहे. पत्र लांबलं, माफ कर, पण तुझी नाताळची कार्डं इतकी छोटी येतात की मी दोघींचं मिळून लिहिलं. गुडघ्याला गरम फडकं बांध. मांजराला रागावू नकोस.

तुझी धाकटी, परवानाधारक बहीण,
डेल्फा

ता.क. आता कामाचं लिहिते. जाड साचा मिळतच नाही असं मी सगळ्यांना सांगितलंय, पण तो तुझ्याकडे आहे. बाबांचा. आईचं सामान वाटलं तेव्हा मी घड्याळ घेतलं आणि ते लोखंडी चिमट्यासारखं मला कशाला म्हणून तुझ्याकडे ढकललं. मूर्ख होते. बाबांनी तो या बंदुकीच्या मापानं आतून घासून मोठा केला होता. तू त्यानं अक्रोड फोडतेस असं मागच्या कार्डात लिहिलं होतंस. फोडू नकोस. आधीच फोडले असशील तर दोन्ही जबडे नीट मिटतात का, मधून उजेड दिसत नाही ना, ते खिडकीकडे धरून बघ, आणि जुन्या मोज्यात गुंडाळून लगेच पाठव. मोजाही पाठवलास तरी चालेल. घड्याळ हवं तर परत घे, तसंही ते वीस मिनिटं पुढे जातं.

ता.क. दुसरं. हे कुणाला सांगू नकोस. माझ्या एप्रनच्या खिशात दोन वॉशर होते. नळीतला तुकडा अडकला तो एक, आणि गोळ्या घातल्या तो दुसरा, थोडासा मोठा. वेंडलच्या आणि पाद्रीबाबांच्या पहिल्यातूनही पडल्याच असत्या. पण गार्थची मी आधी गुपचूप घालून बघितली होती. अंगठीत बोट बसावं तशी बसली. तिच्यानं एल्क पडला असता. पण मग तो गार्थचा झाला असता, आणि गार्थनं पुढली दहा वर्षं न बोलता ते सगळ्यांना सांगितलं असतं.

ता.क. तिसरं. रीत ती रीत. साचा तुझा, तेव्हा मागची तंगडी तुझी. ती टपालानं येत नाही, घ्यायला तुला यावं लागेल. माझा नेम चुकला तर अक्रोड आणते आणि दोघी मिळून फोडू, पण ये.

ता.क. शेवटचं. साचा लवकर पाठव म्हणजे लवकर, कारण माझं मन वळवायला तिघंही परत येतो म्हणालेत, आपापले साचे घेऊन, आणि या वेळी वॉशर गार्थ स्वतः आणणार आहे. शनिवारी, बारा तारखेला, सकाळी सात वाजता.